चुंबळ

आमच्या छापखान्याच्या बांधणी खात्यात थोरली आणि मी सव्वीस वर्षं एकाच टेबलावर मान मोडून काम केलं. घरी ती सगळ्यांत मोठी, म्हणून घरचे तिला थोरली म्हणायचे, आणि तेच नाव तिच्यामागून छापखान्यात आलं. मला करवत म्हणतात. कारण विचारायची गरज नाही, माझ्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. थोरलीचं कौतुक करणारे मला आयुष्यात ढीगभर भेटले. मला मात्र तिचा राग यायचा, आणि हे लिहितानाही तो पुरता गेलेला नाही.

आमच्याकडे शाळेचे ॲटलस छापतात. नकाशांचं पुस्तक शिवणं म्हणजे गोष्टींचं पुस्तक शिवणं नव्हे. मोठा नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला असतो. तो मधोमध दुमडून सरळ शिवला, तर मधली चार-दोन गावं शिवणीत जातात आणि पोरं शोधत बसतात. म्हणून नकाशाच्या पाठीला मधोमध बोटभर रुंदीची कागदी पट्टी चिकटवायची आणि दोरा नकाशातून न नेता त्या पट्टीतून न्यायचा. मग पुस्तक उघडलं की नकाशा सपाट पडतो, सगळी गावं जागच्या जागी. पट्टी कुणाला दिसत नाही. सगळा ताण तिच्यावर असतो, आणि पुस्तक जुनं झालं की आधी तीच फाटते. थोरलीच्या हाताखालून गेलेल्या पट्ट्या फाटायच्या नाहीत. एवढ्या वर्षांत तिच्या शिलाईतून एक खेडंसुद्धा हरवलं नव्हतं.

आमच्या ॲटलसच्या मुखपृष्ठावर एक उघडाबंब, दंडाच्या बेडक्या फुगलेला माणूस छापलेला असतो. एक गुडघा टेकलेला, मान वाकलेली, पाठीवर पृथ्वीचा गोल. नकाशे तपासणारे म्हातारे गृहस्थ होते, त्यांना आम्ही नकाशेकाका म्हणायचो. ते दरवर्षी नवीन मुखपृष्ठ हातात आलं की चिडायचे.

"चूक आहे ही. त्याच्या पाठीवर पृथ्वी नव्हतीच, आभाळ होतं. पृथ्वी पाठीवर घेतली तर हा उभा कशावर राहणार?"

मॅनेजर म्हणायचे, "काका, आभाळ काढायचं कसं? नुसती रिकामी जागा दिसेल." आणि दरवर्षी पृथ्वीच छापली जायची.

एकदा दुपारी वीज गेली, यंत्रं थांबली आणि सगळे हात रिकामे झाले. तेव्हा थोरलीनेच विचारलं, "काका, हा आहे तरी कोण? सव्वीस वर्षं याला डिंक लावतेय मी."

काका स्टूल ओढून बसले. म्हणाले, ग्रीक लोकांच्या पुराणातला हा एक दांडगा. जुन्या देवांचं नव्या देवांशी युद्ध झालं आणि हा हरणाऱ्यांच्या बाजूला होता. बाकीच्यांना पाताळात कोंडलं. याला जगाच्या पार पश्चिम टोकाला नेऊन उभं केलं आणि सांगितलं, आभाळ धर. किती दिवस ते सांगितलं नाही.

"आणि ॲटलस या नावाचा अर्थच मुळी पेलणारा, सोसणारा असा सांगतात," काका म्हणाले.

"नाव आधी पडलं, का शिक्षा आधी?" थोरलीने विचारलं.

काका जरा गडबडले. "ते काही कुठे लिहिलेलं नाही."

मी विचारलं, मग पुस्तकाला हे नाव कसं चिकटलं? काका म्हणाले, चारएकशे वर्षांपूर्वी नकाशे करणाऱ्या एका माणसाने आपल्या संग्रहाला ते दिलं. त्याच्या मनात खरं तर त्याच नावाचा एक शहाणा राजा होता, ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारा. पण राजा कुणाच्या लक्षात राहिला नाही. लोकांनी पुस्तकावर वाकलेला माणूसच छापला, आणि नकाशांच्या पुस्तकाला ॲटलस म्हणायची रीत पडली.

मग त्यांनी हर्क्युलिसची गोष्ट सांगितली. हर्क्युलिसला सोन्याची सफरचंदं हवी होती आणि ती आणणं फक्त ॲटलसलाच जमणार होतं. तेव्हा हर्क्युलिस म्हणाला, तू जाऊन ये, तोवर आभाळ मी धरतो. ॲटलस गेला. युगं लोटल्यावर पहिल्यांदा त्याची मान सरळ झाली. सफरचंदं घेऊन आला आणि म्हणाला, आता ही मीच पोचवून येतो, तू राहा असाच. हर्क्युलिस म्हणाला, बरं, माझी काही हरकत नाही. पण आभाळ फार रुततंय रे. एवढं क्षणभर धर, मी डोक्यावर चुंबळ घालून घेतो. ॲटलसने सफरचंदं खाली ठेवली आणि आभाळ पुन्हा डोक्यावर घेतलं. हर्क्युलिसने सफरचंदं उचलली आणि चालता झाला.

आम्ही सगळे हसलो. हंडा डोक्यावर घेताना खाली कापडाची गुंडाळी घालतात ती चुंबळ. एवढ्याशा चिंधीवर एवढा मोठा गडी फसला! थोरली तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मूर्खच मेला! सुटला होता, चालायला लागायचं ना सरळ! आज आईला सांगते ही गोष्ट."

ती आईला सगळं सांगायची. कुणाच्या पट्ट्या सुटल्या, कोण कुणाशी भांडलं, करवत आज काय बोलली. संध्याकाळी आईचे केस विंचरताना दिवसभराचा छापखाना तिच्या कानावर घालायची. आईचं उजवं अंग नऊ वर्षांपूर्वी गेलं होतं आणि जीभही निम्मी गेली होती. बोललेलं फक्त थोरलीला कळायचं. आम्हाला कळायचे ते आईचे डोळे, आणि ते फार तल्लख होते.

त्यांचं घर छापखान्यापासून चार गल्ल्यांवर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत खिडकीला लावून आईचा पलंग, पलंगाच्या डाव्या अंगाला लोखंडी कठडा, पलीकडे हाताची खुर्ची. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत, असं दिवसातून पाच वेळा. उचलायची तऱ्हा ठरलेली होती. थोरली वाकून म्हणायची, "टाक गं हात गळ्यात." आई डावा हात तिच्या मानेभोवती टाकायची आणि सगळं वजन तिथे द्यायची. दुपारी साडेबाराला आम्ही डबे उघडायचो तेव्हा थोरली घरी पळालेली असायची. सव्वाला परत यायची तेव्हा तिचा घास तोंडातच असायचा. तिला मी या नऊ वर्षांत जेवताना नीट पाहिलेलं नाही.

मी विचारायचे, धाकटा काय करतो? धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दोन तासांवरच्या गावात लोकांना गाडी चालवायला शिकवतो. गोड माणूस, त्याला शिव्या घालायलासुद्धा जिवावर येतं. शिकवायच्या गाडीत चाक दुसऱ्याच्या हातात असतं आणि ब्रेक याच्या पायाखाली. घरातही त्याने तीच सोय करून घेतली होती. फोनवर मात्र न चुकता म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही." हे ऐकून ती खुलायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग ती चूक झाली. तपासणीच्या टेबलावरून नकाशेकाका एक ॲटलस उघडून आमच्याकडे आले. मधला नकाशा समोर धरला. त्यातलं एक अख्खं सरोवर शिवणीत गेलं होतं. दोरा पट्टी सोडून नकाशातून गेला होता. एक नव्हे, त्या दिवशीच्या चाळीस प्रती तशाच, आणि सगळ्या थोरलीच्या हातच्या.

तिने प्रत हातात घेतली, बोट फिरवून पाहिलं. मग हळूच मला म्हणाली, "मला पट्टी लागतच नाहीये गं बोटाला. कागद कुठे दुहेरी आहे ते कळत नाही. तीन बोटं महिनाभर झोपल्यासारखी आहेत."

"महिनाभर? आणि आत्ता सांगतेस?"

"सांगून काय करणार होते? सुईचं काम बोटांचं. सांगितलं असतं तर उठवलं असतं मला टेबलावरून."

मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मानेचा एक्स-रे उजेडावर लावला आणि पेनाने वरून खाली मणके दाखवू लागल्या. "हा सगळ्यांत वरचा. यावर डोकं टेकलेलं असतं, म्हणून याला ॲटलस म्हणतात."

थोरली आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"तोच तो, बाई? आभाळवाला?" थोरलीने विचारलं.

"तोच. आणि तुमचा तो ठणठणीत आहे. बिघाड खाली आहे, पाचव्या-सहाव्याशी. तिथे नस दाबली जातेय. तुम्ही मानेने काय उचलता?"

थोरलीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग स्वच्छ सांगितलं: सहा आठवडे मानेला पट्टा लावून आराम, उचलायचं काहीच नाही. नाहीतर बोटं परत यायची नाहीत, कायमची जातील.

तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता. सहा आठवडे कुणीतरी आईला धरलं, तर थोरलीचे हात वाचणार होते. नाही धरलं, तर पन्नाशीच्या आत ती टेबलावरून उठणार होती, आणि दुसरं कुठलंही काम तिला येत नव्हतं.

फोन मी केला. धाकट्याला सांगितलं, ये. करवत चालवली म्हणा. तो आला, खरंच आला. बॅग घेऊन आला, ताईच्या पाया पडला, म्हणाला, "सहा आठवडे काय, दोन महिने राहतो." थोरलीला मी माझ्या घरी नेलं, कारण आईच्या हाकेच्या अंतरावर ती आराम करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. हाक ऐकू येत नाही, तरी ती पहिले तीन दिवस दाराकडे कान लावून बसली. चौथ्या दिवशी दुपारी झोपली ती संध्याकाळीच उठली. सहाव्या दिवशी माझ्यासमोर बसून पोटभर जेवली, सावकाश. मी बघत राहिले तर म्हणाली, "काय बघतेस?" आठव्या दिवशी अंगठ्याला सुई टोचून बघितली आणि लहान मुलीसारखी ओरडली, "दुखलं! करवत, दुखलं गं!"

नवव्या दिवशी सकाळी धाकटा दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले, एक हात कमरेवर. खोटं नव्हतं ते, त्याचेही हाल झाले होते.

"ताई, आई उचलताना कंबर धरलीय माझी. दुकानात कमरेचा पट्टा मिळतो म्हणे, वजन उचलणारे लावतात तो. तो लावला की मग मला काही नाही. दोन तास फक्त बघशील का? उचलू नकोस हवं तर. मी पट्टा घेऊन असा आलो."

त्याच्या खांद्याला बॅग होती. कमरेचा पट्टा आणायला कपड्यांची बॅग कशाला लागते?

मी थोरलीकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलले. "चुंबळ."

"माहीत आहे गं," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मी दार अडवलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण बरंच बोलले. तिने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "तू सांग, मी नाही गेले तर तो थांबणार आहे? तो निघालाच आहे. आई तिकडे एकटी आहे. त्या ॲटलसला आपण हसलो. त्याला कळलं नसेल होय हर्क्युलिसचं? पण हर्क्युलिस हात काढून घेणारच होता. मग खाली कोण कोण चिरडलं असतं?"

मला आणखी राग आला. धाकटा तोवर जिना उतरून गेला होता.

मी तिच्या मागोमाग गेले. आई पलंगावर पडलेली, चादर ओली, खोलीत वास. रात्रीपासून कुणी हलवलं नव्हतं. थोरलीने गळ्यातला पट्टा काढून खुर्चीवर ठेवला, वाकली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "टाक गं हात गळ्यात."

आईने हात टाकला नाही. डाव्या हाताने कठडा घट्ट धरून ठेवला.

"अगं, ओली आहेस. टाक हात."

आई काहीतरी बोलली. मला कळलं नाही. थोरली वाकलेली तशीच राहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"खाली ठेव म्हणते." थोरलीचा आवाज बदलला होता. "अगं, खालीच तर आहेस तू. पलंगावर आहेस."

आईने मान हलवली, कठडा सोडला आणि कपाटाकडे बोट दाखवलं. वरच्या खणाकडे. थोरली हलेना, म्हणून मीच खण उघडला. औषधांच्या पाकिटांखाली घडी घातलेला एक कागद होता. शहराबाहेर एक शुश्रूषागृह आहे, अशा माणसांना सांभाळणारं. इस्पितळातल्या समाजसेविकाबाईंनी तिथे आईचं नाव लावून दिलं होतं. जागा आहे, कधीही आणा, असं लिहिलं होतं. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

दोन वर्षं! मी कागद तिच्यापुढे नाचवला. "हे काय आहे? दोन वर्षं हे घरात असताना तू मानेला आई बांधून घेतलीस?"

थोरली माझ्याकडे वळलीच नाही. ती आईवर ओरडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ओरडली असेल. "तुला ठाऊक होतं? तुला तिकडे जायचं होतं? मग बोलली का नाहीस? तुला काय वाटेल म्हणून मी तो कागद लपवला. लोक म्हणतील आईला टाकली, तू मनात कुढशील, म्हणून मी... माझे हात गेले, आई! बोलायचं ना एकदा तरी!"

आई बराच वेळ ओठ जुळवत राहिली. या वेळी शब्द इतके सावकाश आले की मलाही कळले.

"तू... विचारलं... नाहीस."

थोरली खुर्चीत बसली. तो गळ्याचा पट्टा तिच्या खाली चेपला गेला, तरी तिला कळलं नाही. मी खाली जाऊन शेजारच्या तीन बायकांना बोलावून आणलं. आम्ही थोरलीला खुर्चीतून उठवलं, चौघींनी चादरीची चार टोकं धरून आईला तिथे घेतलं, बिछाना बदलला, परत ठेवलं. पाच मिनिटं लागली. थोरली नुसती बघत होती. नऊ वर्षांत तिने कुणाला हाक मारली नव्हती आणि आम्हीही कुणी मदतीला म्हणून जिना चढलो नव्हतो, मीसुद्धा.

धाकटा चौथ्या दिवशी आला, आणि कमरेचा पट्टा घेऊन आला हे मला सांगितलंच पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेला. "ताई, तुझ्यासाठी," म्हणाला. "तुलाच जास्त लागेल." माझी जीभ त्या दिवशी थकली होती. आईला शुश्रूषागृहात न्यायला मात्र गाडी त्यानेच आणली, आणि स्वतः चालवली.

थोरलीची दोन बोटं परत आली, एक आलं नाही. सुईचं काम सुटलं. आता ती पट्ट्या कापते आणि चिकटवते, शिवते मी. साडेबाराला अजूनही ताडकन उठते, दोन पावलं चालते, मग आठवतं. परत बसून डबा उघडते, पण जेवण पहिल्यासारखंच भराभर उरकते. ती सुखी झाली असं काही मी लिहिणार नाही. इतक्या वर्षांचा थकवा निजून जात नाही. ती आता जास्तच थकल्यासारखी दिसते. मुखपृष्ठावर यंदाही पृथ्वीच छापली आहे.

गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर शुश्रूषागृहात गेले. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पलंग. आईला खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. दोघी परिचारिका आल्या, पण त्यांनी हात लावायच्या आधीच थोरली सवयीने पुढे झाली, वाकली आणि म्हणाली, "टाक गं हात गळ्यात." मी ओरडणार होते, पण तेवढ्यात आईने डावा हात उचलून तिच्या मानेभोवती टाकला. थोरलीने दात आवळले, पाय रोवले, श्वास धरला, आणि वजनाची वाट बघत तशीच वाकून राहिली.

वजन आलंच नाही. आईने नुसता हात ठेवला होता.